माझ्या नावाची बेसन-भाकर

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही सायकलवरून पडलात आणि गुडघा चांगला सोलवटला. लालभडक झाला आहे, चुरचुरतो आहे, मधूनच रक्त येतं आहे. आता तोच गुडघा तुमच्या पोटात आहे अशी कल्पना करा. त्याच्यावर फुंकर मारता येत नाही, हळद दाबता येत नाही, आईला दाखवून दोन लाडाचे शब्दही मिळवता येत नाहीत. आणि दिवसभर तुम्ही जे जे खाल, त्याचा सगळा चोथा त्या सोलवटलेल्या गुडघ्यावरूनच घासत पुढे जाणार. झाली कल्पना? उघडा डोळे. ते माझं मोठं आतडं होतं.

तुमच्यातले काही जण तोंड वाकडं करून "शी, गुरुजी!" म्हणतील. खुशाल म्हणा. पचनसंस्थेचा धडा शिकवताना मी जठरापाशी रमायचो, लहान आतड्यात बराच वेळ काढायचो, आणि मोठ्या आतड्याशी पोचलो की नेमकी तास संपल्याची घंटा व्हायची. त्या दुर्लक्षाचा आतड्यानं असा सूड उगवला असावा.

मी घनश्याम गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जन्म काढला, आता ढाणकीत राहतो. संध्याकाळी गल्लीतली पोरं माझ्या ओट्यावर जमतात. शाळेत विचारायला न धजावलेले प्रश्न ती मला विचारतात, आणि मला उत्तर येत नसेल तर माझी पत्नी बेबीताई आतून हसते. समोरच्या घरात शंकरसिंग राठोड राहतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण आवाज अजून नोकरीतच आहे. त्यांच्या पत्नी सुखीबाई आणि नात राखी. राखीचा बाप भावसिंग ट्रकवर असतो, त्यामुळे पोरगी बहुतेक आजी-आजोबांजवळच असते. पाचवीत आहे.

या राखीनं एकदा विचारलं, "गुरुजी, धबधब्याचं पानी एवढ्या वरून पडते, तं खालची जमीन फुटत काहून नाई?"

मी म्हटलं, "फुटते की. पण हळूहळू. सहस्रकुंडच्या धबधब्याला जाऊ आणि डोळ्यांनी पाहू."

झालं. सहल ठरली. पैनगंगेचं पाणी हिवाळ्यात दिवसेंदिवस उतरतं, म्हणून लवकर जायचं ठरलं. पोरांच्या आईबापांनी एकच अट घातली, "गुरजी संगं असन तरच पाठवू." म्हणजे सहल माझ्या आतड्यावर टांगलेली होती. आतडं चाललं तर सहल चालणार. आणि आतडं तर, काय सांगू, नको इतकं चालत होतं.

तपासणीला यवतमाळला गेलो तेव्हा शंकरसिंग सोबतीला आले, कारण कोणत्या थांब्यावर बस किती वेळ उभी राहते आणि तेवढ्यात माणसाचं काय काय उरकू शकतं, याचा त्यांचा अभ्यास मोठा. डॉक्टरांनी दुर्बिणीनं आतडं पाहिलं. दुर्बीण कुठून घातली ते विचारू नका. मुख्याध्यापक म्हणून शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालेल्या माणसावर असा प्रसंग येऊ शकतो, हेच मला ठाऊक नव्हतं.

"गुरुजी," डॉक्टर म्हणाले, "मोठ्या आतड्याला आतून दाह झालाय. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. जुनाट दुखणं आहे. भडकतं, शांत होतं, पुन्हा भडकतं. गोळ्या रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत."

शंकरसिंग हादरले. "गुरजी, मले वाटलं तुमाले मूळव्याध असन. हे तं इंग्रजी निघालं!"

मी मात्र तयारीनं गेलो होतो. मनात आरोपींची रांग उभी केलेली होती. सगळ्यात पुढे ठेचा, त्याच्या मागे वांगं, मग शेंगदाणे, आणि अगदी शेवटी मान खाली घालून उभा असलेला सावजीच्या दुकानातला चिवडा. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, यातल्या कोणामुळे झालं?"

"कोणत्याही एका पदार्थामुळे होत नाही," ते म्हणाले, "आणि कोणत्याही एका पदार्थानं जातही नाही."

मुलांनो, मला दुर्बिणीपेक्षा या वाक्याचा धक्का मोठा बसला. आमच्याकडे प्रत्येक दुखण्याला एक गुन्हेगार भाजी असतेच. सर्दी झाली की दही, पाय दुखले की वाटाणा. बिनगुन्हेगाराचं दुखणं म्हणजे बिनउत्तराचं गणित.

डॉक्टरांना माझी दया आली असावी. त्यांनी समजावून सांगितलं. खाण्याचा परिणाम होतो, नक्कीच होतो. पाकिटातलं, फार तळलेलं, फार गोड असं सारखं खाण्याचा या दुखण्याशी संबंध असावा, असं अभ्यास करणारे म्हणतात, पण पक्कं कोणी सांगत नाही. दाह भडकलेला असताना मऊ खायचं, साल-बिया टाळायच्या, तिखट आणि तेल कमी. शांत झाला की एकेक पदार्थ परत ताटात आणायचा. एका वेळी एकच. "काय मानवतं ते तुमचं आतडं सांगेल," ते म्हणाले. "शेजाऱ्याचं आतडं सांगणार नाही."

एवढं शेवटचं वाक्य शंकरसिंगांनी ऐकलंच नाही. ते बसची वेळ बघायला बाहेर गेले होते.

घरी आल्यावर बेबीताईला सांगितलं, "काही दिवस फोडणी बंद."

तिनं हातातला झारा खाली ठेवला. "काहून? माह्या फोडनीनं अख्खी गल्ली शिंकते, पन आजपावतर कोनाच्या पोटाले काई झालं नाई."

"तुझ्या फोडणीचा दोष नाही."

"मंग बंद कायले?"

पण तिनं बंद केली. मऊ भात, मुगाचं साधं वरण, उकडलेला दुधी, पिकलेलं केळं. आमच्या स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा आवाज येईना, मिरचीचा ठसका उठेना. बेबीताईच्या फोडणीवर गल्लीतले लोक घड्याळं लावत. "बेबीताईची फोडनी झाली, चला, पोरांनो, शाळेत." आता गल्लीला वेळच कळेना. मग एकेक जण विचारपूस करायला येऊ लागला.

सुखीबाई आल्या. "गुरजी, असा बिमाराचा भात खाऊन आतडं लेचंपेचं होते. तुरीच्या सोल्याची आमटी प्या. पोट कसं लोखंडावानी होते."

शंकरसिंग म्हणाले, "ड्युटीवर मी सारी जिंदगी भजे अन् चहावर काढली. मले झालं काय काई?" (शंकरसिंगांना रक्तदाब आहे, साखर आहे, आणि एक गुडघा बदललेला आहे. पण आतडं, ते म्हणतात त्याप्रमाणे, कंपनीचं आहे.)

कोपऱ्यावर फलक छापायचं दुकान चालवणारा कपिल आला. तरुण आहे, मोबाईलवर सगळं शिकतो. "गुरुजी, गहू म्हनजे जहर. दूध म्हनजे त्याच्याहून जहर. मी व्हिडिओत पाह्यलं."

"तू सकाळी काय खाल्लंस?"

"दोन समोसे. पन मले कोलायटिस नाई ना."

आणखी एका हितचिंतकानं गोळ्या सोडून बेलफळ घ्यायला सांगितलं. गोळ्या मात्र मी सोडल्या नाहीत. तेवढी एकच गोष्ट मी कोणाच्या सांगण्यावरून सोडली नाही. बाकी सगळ्यांचं ऐकलं असतं तर माझ्या ताटात फक्त ताट उरलं असतं, आणि तेही कपिलनं स्टीलचं नको म्हणून काढून घेतलं असतं.

मधल्या काळात बसची व्यवस्था करायला मी आणि शंकरसिंग बसच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाबूंनी सहलप्रमुखाच्या प्रकृतीचा दाखला मागितला होता, वयाकडे बघून. डॉक्टरांनी सज्जनपणे खरं ते लिहिलं होतं, की प्रवासाला हरकत नाही, मात्र गरजेनुसार थांबा मिळावा.

बाबूंनी चष्मा वर केला. "गरजेनुसार म्हणजे कोणत्या गावी?"

"गरज गाव बघून येत नाही, साहेब."

"पण थांबा आधी ठरलेला पाहिजे. हे लिहायचं कुठं?"

मी शरमेनं खिडकीबाहेर बघू लागलो. रांगेतले चार-पाच जण अतिशय आस्थेनं माझ्या पोटाकडे बघत होते. तेव्हा शंकरसिंग पुढे झाले, कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "लिहा, विनंती थांबा!" बाबूंचा चेहरा उजळला. विनंती थांबा हा शब्द नियमात बसत होता. माझं आतडं सरकारी झालं. रविवारची बस मिळाली.

आणि नवल म्हणजे पोट शांत होऊ लागलं. गोळ्यांनी काम केलं, मऊ खाण्यानं आतड्याला उसंत मिळाली. मग मी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे प्रयोग सुरू केला. वर्गात शिकवायचो ना, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशानं काय झालं ते कळतं? पहिल्यांदा बिनमिरचीचं पातळ ताक. मानवलं. मग उकडलेला बटाटा. मानवला. पोरांना मी रोज संध्याकाळी निकाल सांगायचो. बटाटा पास झाला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कारकिर्दीत कोणत्याच विद्यार्थ्याला अशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

बुधवारी मात्र घात झाला. दुपारी कपिल एक हिरवागार पेला घेऊन आला. कारलं, आवळा आणि कोरफड. "आतडं धुऊन निघते, गुरुजी." सहलीचा फलक त्यानं फुकट छापून दिला होता. तो समोर उभा राहून बघत होता. मी प्यायलो. पेला ठेवतो न ठेवतो तोच सुखीबाई वाटीभर सोल्याची आमटी घेऊन दारात. तुरीचे हिरवे दाणे सालीसकट, वर लसणाचा तवंग.

"सुखीबाई, आजचा नवा पदार्थ होऊन गेला."

"म्हनजे कपिलच्या हातचं चालते अन् माह्या हातचं नाई?"

या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही डॉक्टरपाशी उत्तर नाही. मी आमटी प्यायलो.

आता गुन्हेगार कोण, ते कसं कळणार? दोघंही एकाच दारातून एकाच वेळी आत घुसले होते. संध्याकाळपर्यंत पोटात जुनी ओळखीची कळ आली, आणि तिच्यामागून रक्तही आलं. रक्त पाहिलं की मोठा माणूसही लहान होतो, मुलांनो. मी घाबरलो. डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत, म्हणून जास्तच वाईट वाटलं. म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा. रविवारपर्यंत तिखट, तेल, साल, बी, काही नको. पोट शांत झालं तर जा सहलीला. रक्त वाढलं तर सहल विसरायची आणि सरळ माझ्याकडे यायचं."

त्यानंतर पहाटेपर्यंत काय झालं ते मी सांगणार नाही. माझ्या प्रतिष्ठेचा जो काही तुकडा शिल्लक आहे तो मला जपू द्या. एवढंच सांगतो, की गुरुवारी सकाळी माझी गादी, चादर आणि धोतर अंगणात पडलेलं होतं.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. बेबीताईचा उपास. तिनं डोक्यावरून पाणी घेतलं होतं, केस मोकळे होते, चूल पेटवलेली नव्हती. जागरणानं डोळे सुजलेले. गार वारं सुटलं होतं म्हणून डोक्यावर पदर घेऊन ती पायरीवर बसली होती. तेवढ्यात सुखीबाई विरजण मागायला आल्या.

त्यांनी काय पाहिलं ते पाहा. किती दिवस झाले, या घरातून फोडणीचा वास नाही. आज चूलच थंड. अंथरूण बाहेर काढलेलं. घरची बाई केस सोडून, पदर घेऊन, सुजल्या डोळ्यांनी दारात.

"बेबीताई, गुरजी कुठी हायत?" त्यांनी विचारलं.

मी त्या वेळी, या गोष्टीत मी जिथे बराच वेळ असतो, तिथे होतो. पण नवरा तिथे आहे हे आमच्याकडची बाई कशी सांगणार? बेबीताईनं लाजून मान खाली घातली आणि पदर तोंडाशी धरला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोणी वारलं की आमच्याकडे त्याचं अंथरूण बाहेर काढतात, त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत, आणि शेजारपाजारचे लोक बेसन-भाकर करून आणतात. त्याला कडू घास म्हणतात. सुखीबाईंची सगळी निरीक्षणं अचूक होती. निष्कर्ष तेवढा चुकला.

त्यांनी बेबीताईला छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. बेबीताईला वाटलं, आपण रात्रभर जागलो, त्याचं या बाईला किती वाटतं! इतक्या दिवसांत तिची विचारपूस कोणी केलीच नव्हती, सगळे माझीच करत होते. तिलाही भरून आलं. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. मग सुखीबाई डोळे पुसत घरी गेल्या, भाकरी थापायला. बेबीताईचं मन हलकं झालं, ती आत जाऊन जराशी आडवी झाली. मी परसदारानं आलो, मागच्या खोलीतल्या बाजेवर पडलो, आणि मेल्यासारखा झोपलो.

जाग आली ती रडण्यानं. खूप बायका एकदम रडत होत्या. त्यात सुखीबाईंचा सूर सगळ्यांच्या वर.

"गुरजी वोऽऽ! नुसता भात खाऊन गेले वोऽऽ! आखरीले मिर्ची नाई भेटली वोऽऽ! दिवसाच्या किती खेपा मारल्या वोऽऽ!"

मी ताडकन उठून बसलो. कोण गुरुजी गेले? ढाणकीत माझ्याखेरीज कोणाच्या खेपा एवढ्या प्रसिद्ध होत्या? खिडकीची फट उघडून पाहिलं. समोरच्या विजेच्या खांबाला फलक लागला होता. कपिलचं काम झपाट्याचं. 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली निवृत्तीच्या समारंभातला माझा फोटो, मान हारात बुडालेली. खरं सांगतो, मेल्याच्या बातमीपेक्षा मला फोटोच्या आकाराचा धक्का जास्त बसला. शोक करणाऱ्यांचे फोटो पंगतीनं वर लावले होते आणि प्रत्येकाचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता. कपिलचा तर गॉगल लावलेला होता.

बाहेर शंकरसिंग कोणाला तरी सांगत होते, "मानूस सोन्याचा. आतडं तेवढं इंग्रजी लागलं."

मी घोंगडी पांघरून तसाच ओट्यावर आलो.

मुलांनो, एवढी शांतता मला कोणत्याही वर्गात कधी मिळाली नव्हती. सुखीबाईंचा 'वो' अर्ध्यावरच थांबला. एक बाई मटकन खाली बसली. शंकरसिंगांच्या हातातला फोन पडला. माझ्या ओट्यावरची पोरं ओळीनं उभी होती, रडून रडून लाल झालेली. त्यात राखी सगळ्यांच्या पुढे. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिनं आधी खाली वाकून माझ्या पायांकडे पाहिलं. पावलं पुढच्याच बाजूला आहेत याची खात्री झाल्यावर ती मागे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "सरळ हायत! जित्ते हायत!"

मग जो गोंधळ झाला! बेबीताई डोळे चोळत बाहेर आली आणि विचारू लागली, "कोन गेलं? कोनाच्या घरचं?" तिला खरा प्रकार कळला तेव्हा ती सुखीबाईंना म्हणाली, "अवं बाई, माह्या तोंडून असा एक शब्द तरी निंघाला काय?"

"नाई निंघाला, म्हनूनच तं!" सुखीबाई म्हणाल्या. "एवढं रडलो आपन, तं काय उगाच रडलो?"

शंकरसिंगांचा चेहरा पडला होता. मी विचारलं, "काय झालं?"

"गुरजी, माह्याकडून एक गलती झाली. दुखात होतो, तरी ड्युटी सोडली नाई. बसच्या कचेरीत फोन करून सांगतलं, सहलप्रमुख मयत."

पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. लगेच कचेरीत फोन लावला. शंकरसिंग ओरडून सांगू लागले, "साहेब, मानूस जित्ता हाय!" बाबूंनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितला.

"तुम्ही स्वतः बोलताय?" बाबूंनी विचारलं.

"होय."

"तुम्हीच आहात कशावरून? आवाज कोणाचाही असू शकतो."

मी माझं गाव, नाव, दुखणं सांगितलं. दुखणं सांगितल्यावर त्यांना थोडी ओळख पटली. "विनंती थांबा का?" ते म्हणाले. "ठीक आहे. बस रद्द करत नाही. पण रविवारी सकाळी बस सुटताना चालकासमोर धडधाकट उभं राहून दाखवायचं. नाही तर बस तशीच परत येईल."

पोरांनी आनंदानं उड्या मारल्या. मला धडधाकट या शब्दाची धडकी भरली. रविवारपर्यंत आतड्याला जपलं तरच जमणार होतं.

लोक हसत-खिदळत पांगू लागले. सुखीबाई मात्र हलेनात. त्यांच्या हातात झाकलेलं ताट होतं. आता कुठे माझं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"सुखीबाई, ते घरी न्या आणि तुम्ही खा," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पिवळा पडला. "गुरजी, दुखाच्या घरी नेलेली भाकर वापस नेत नसतात. वापस नेली तं दुख बी तिच्यासंगं आपल्या घरी येते. माह्या सासूनं सांगतलं होतं."

"पण इथे दुःख झालंच नाही."

"भाकर तं दुखाची झाली ना. रडत रडत थापली म्या. तुमच्या नावानं." त्यांचा आवाज कापू लागला. "अन् माह्या भावसिंगची गाडी आज पांढरकवड्याहून हैदराबादच्या रोडले लागली हाय. सकाळपासून फोन लागत नाई त्याचा."

मुलांनो, असल्या समजुतींवर मी वर्गात किती तास घेतले असतील! तेवढ्यातलं एकही वाक्य त्या क्षणी मला त्या आईसमोर उच्चारता येईना. राखीही तिथेच उभी होती. तिच्याच बापाची गोष्ट चालली होती.

"मंग घरच्यानं खाल्ली म्हनजे झालं ना?" शंकरसिंग बेबीताईकडे बघत म्हणाले.

"माहा उपास," बेबीताई म्हणाली. "लक्ष्मीच्या पूजेआधी तोंडात अन्न घेतलं तं ते पाप कोनाच्या डोक्यावर?"

झालं. जमलेल्या मंडळींत चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं, गाईला घाला. सुखीबाई म्हणाल्या, गाय काय गुरजीच्या घरची हाय? कोणी म्हणालं, ज्याच्या नावाची भाकर त्यानंच खाल्ली तर चालते का? असा प्रसंग वडीलधाऱ्या मंडळींच्याही पाहण्यातला नव्हता. शेवटी शंकरसिंगांनी निकाल दिला, "ज्याचं तिकीट, त्यानंच प्रवास करायचा. गुरजी, दोन घास घ्या."

सुखीबाईंनी ताटावरचं फडकं काढलं. ज्वारीच्या जाड भाकरी, आणि वाटीत बेसन. दुःखाच्या भरात बाईंचा हात सैल सुटला होता. हिरव्या मिरच्यांचे तुकडे, ठेचलेला लसूण, आणि वर लाल तेलाचा तवंग. डॉक्टरांनी जे जे नको म्हटलं होतं, ते सगळं एका वाटीत हजर होतं.

एकीकडे रविवारची बस, ओळीनं उभी असलेली पोरं, आणि पोटात कालचं रक्त. दुसरीकडे या बाईचे ते डोळे. मी खाली बसलो. भाकरीचा तुकडा मोडला. बेबीताई म्हणाली, "अवो, नोका ना." मी तुकडा बेसनात बुडवला.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हाताखालून ताट ओढलं. राखी होती ती. ताट घेऊन ती माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

"ए छोरी!" सुखीबाई ओरडल्या. "तू माह्या घरची. तूच खाल्ली तं भाकर वापसच आली ना!"

"मी रोज संध्याकाळी इथीच रायतो. चटई बी मीच टाकतो, कंदील बी मीच पुसतो," राखी म्हणाली. "आज मी गुरुजीच्या घरची. विचार गुरुजीले."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. बेबीताईनं राखीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "आमच्याच घरची हाय ते."

सुखीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शंकरसिंगांनी मान हलवली.

आता तुम्हाला एक सांगायला हवं. राखीला तिखट अजिबात सोसत नाही. भज्यात मिरची लागली तर गल्लीभर धावते. पोरं तिला त्यावरून चिडवतात. तीच पोरं आता श्वास रोखून बघत होती. माझ्या हातातला बुडवलेला तुकडाही तिनं काढून घेतला आणि तोंडात टाकला. दोनदा चावला. कान लाल झाले. नाक गळू लागलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते पाहून सुखीबाईंनी पदर डोळ्यांना लावला, त्यांच्यामागून बेबीताईनं लावला, आणि ज्या बायकांचं रडणं मघाशी अर्ध्यावर राहिलं होतं, त्यांनीही पुन्हा खाली बसून मनसोक्त रडून घेतलं.

"राखी, बस कर. पुरे झालं," मी म्हटलं.

तिनं बाहीला नाक पुसलं, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं, वाटीतलं बेसन बोटानं कड्यापासून कड्यापर्यंत निपटलं, आणि "उरली तं वापस न्या लागन" म्हणत दुसरी भाकर उचलली.